दुसरा नंबर (मोबाइल)

एकाच मोबाइलवर दोन क्रमांक आणि त्यांवर दोन किंवा अधिक मेसेजिंग खाती चालवण्याची पद्धत. ठाणे आणि नवी मुंबईत ती मुख्यतः धंद्याच्या गरजेतून रुजली. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारातले आंब्याचे व्यापारी, घोडबंदर रोडवर जागा दाखवणारे एजंट, कोपरखैरण्यातले क्लासवाले, नौपाड्यात घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या बायका असे अनेकजण गिऱ्हाइकांसाठी एक नंबर ठेवतात आणि घरच्यांसाठी दुसरा. घरून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला तर याचा फार मोठा आधार असतो. अनोळखी गिऱ्हाइकाच्या हाती तिचा घरचा नंबर पडत नाही, प्रोफाइलवरचा मुलांचा फोटो दिसत नाही, आणि रात्री धंद्याचे सिम निर्धास्तपणे बंद ठेवता येते.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दोन सिमचा फोन. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲप बिझनेस आले तेव्हापासून एका नंबरवर साधे आणि दुसऱ्यावर बिझनेस ॲप अशी जोडी रूढ झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खात्यांची सोय जाहीर केली. टेलिग्राममध्ये तीन खाती विनाशुल्क चालतात.

इंटरनेटवरून दुसरा नंबर देणारी ॲप्स ही वेगळी गोष्ट आहे. त्यांतली बरीचशी अमेरिकेचा किंवा कॅनडाचा क्रमांक देतात. भारतातला मोबाइल नंबर केवायसीशिवाय मिळत नाही. असा परदेशी नंबर यूपीआयला उपयोगी पडत नाही, कारण तिथे बँक खात्याशी जोडलेले सिम फोनमध्येच असावे लागते आणि पडताळणीचा एसएमएस त्याच सिमवरून जातो. शिवाय ॲप काही दिवस वापरले नाही, तर अनेकदा तो नंबर काढून दुसऱ्याला दिला जातो. मग त्यावर उघडलेल्या खात्याचा ओटीपी त्या नव्या माणसाला मिळतो. धंद्यासाठी असा नंबर घेऊ नये. परदेशी क्रमांकांवरून फसवणुकीचे मेसेज इतके येतात की गिऱ्हाईक उत्तरच देत नाही.

भारतात एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिम घेता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात ही मर्यादा सहाची आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर पाहता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना खाते फोनमधल्या चालू सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचे निर्देश दिले.

दुसऱ्या नंबरचा खरा धोका विस्मरणात असतो. फराळाचा हंगाम सरला की रिचार्ज राहून जातो. सलग ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. म्हणून व्हॉट्सॲपमधला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे ओटीपीखेरीज विचारला जाणारा, सहा आकडी पिन सुरुवातीलाच लावावा, आणि सिम सोडण्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून नंबर बदलून घ्यावा किंवा खातेच काढून टाकावे.