फसवे मित्र (भाषाविज्ञान)

दोन भाषांत स्पेलिंग सारखे किंवा जवळपास सारखे, पण अर्थ वेगळे, अशा शब्दांना फसवे मित्र म्हणतात. 'शिक्षा' हा आपल्या रोजच्या ओळखीचा नमुना: हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. युरोपात भाषांची दाटी आणि रोमन लिपी बहुतेकांची सामाईक, त्यामुळे तिथे असे शब्द पावलोपावली भेटतात. नाव फ्रेंचमधले. माक्सिम केसलर आणि ज्यूल देरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये इंग्रजी-फ्रेंच जोड्यांवर पुस्तक काढले, त्याच्या शीर्षकातून ते रूढ झाले.

सर्वांत बोलके उदाहरण 'गिफ्ट'चे. इंग्रजीत भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. उंदीर मारायच्या औषधाला जर्मन माणूस 'राटेनगिफ्ट' म्हणतो. मूळ मात्र एकच, 'देणे'. जर्मनमध्येही आधी 'दिलेली वस्तू' हाच अर्थ होता. ग्रीक 'दोसिस' म्हणजेही देणे, आणि वैद्यांच्या तोंडी औषधाची मात्रा. आपला 'डोस' तिथलाच. त्या वळणाने जर्मन शब्द मात्रेकडे झुकला, आणि विषाचे नाव थेट घेणे टाळता टाळता तोच विषाचा शब्द होऊन बसला. जुना अर्थ 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा या शब्दात टिकून आहे. स्वीडिशमध्ये तर 'विष' आणि 'विवाहित' हे दोन्ही अर्थ याच अक्षरांत आहेत. मराठीत 'मुलगी दिली' म्हणतात, त्याच चालीचे हे देणे.

काही जोड्या निव्वळ योगायोगाच्या. 'बुर्रो' इटलीत लोणी, स्पेनमध्ये गाढव. 'पेन' या इंग्रजी वेदनेचे मूळ लॅटिन 'पोएना' म्हणजे दंड. त्याच स्पेलिंगचा फ्रेंच 'पँ' म्हणजे ब्रेड, तो लॅटिन 'पानिस'वरून आला. पोर्तुगीजांकडून आलेला आपला पावही याच 'पानिस'चा वंशज.

अशा जोड्या फार काळ फसवत नाहीत, कारण पोळीला लावायला कोणी गाढव मागत नाही. अनुवादकाने जपायचे ते एकाच मुळाच्या, जवळच्या अर्थांच्या शब्दांपासून. 'सेन्सिबल' म्हणजे इंग्रजीत समंजस, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये हळवा. फ्रेंच पत्रात एखादी मुलगी 'सांसिब्ल' असेल तर ती हळवी आहे. पण तिथे 'समंजस' लिहिले तरी वाक्य बेमालूम बसते, आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.