नुसतं रेशनकार्डावर नाव आहे एवढ्यानेच ईएसआय मिळत नाही

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं ऐकू येतं: रेशनकार्डावर नाव असलं की कामगाराच्या घरच्यांना ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) उपचार मिळणारच. हे खरं नाही. रेशनकार्ड फार तर नातं दाखवतं, कामगारावरचं अवलंबित्व नाही. आई-वडिलांचं पेन्शन, भाडं, शेती असं सगळं मिळून उत्पन्न सरकारने ठरवलेल्या मर्यादेत असावं लागतं. मुलगा सज्ञान झाला की शिकत असेल तरच, तेही २१ वर्षांपर्यंत. आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे अवलंबून असेल, तर गोष्ट वेगळी.

मला जास्त काळजी मुलींची वाटते. ‘अठरा झाली, आता ईएसआयमधून नाव काढा’ असं परस्पर सांगितलं जातं. कृपया काढू नका! अवलंबून असलेल्या अविवाहित मुलीला वयाची अट नाही. एचआरने पडताळणीचे कागद मागितले तर तिचंही नाव आठवणीने लिहा.