प्रतिमान-दुवा

प्रतिमान-दुवा : प्रणाली अभियांत्रिकीच्या, म्हणजे अनेक भागांची यंत्रणा एकसंध आखण्याच्या शास्त्राच्या, प्रतिमानातील (मॉडेलमधील) एखादा घटक आणि त्याच्याविषयीची, पण दुसऱ्याच भांडारात ठेवलेली माहिती यांच्यात नोंदवलेला संबंध. घटक म्हणजे आवश्यकता, भाग, कार्य किंवा गुणधर्म. भांडार म्हणजे आवश्यकतांचा डेटाबेस, कॅड (संगणकावर काढलेल्या) रेखाचित्रांचा साठा, चाचणी-अहवालांचे दप्तर. माहिती जिथली तिथेच राहते, प्रतिमानात तिचा फक्त पत्ता येतो, हे दुव्याचे लक्षण होय. माहितीची प्रत प्रतिमानात उतरवून घेणे ही आयात झाली. काही लेखक तिलाही दुवा म्हणतात. येथे तसे मानलेले नाही.

या कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत ती आवश्यकतांच्या मागोव्यापासून (एखादी आवश्यकता कुठून आली आणि पुढे कुठे पूर्ण झाली, हे शोधत जाण्यापासून) आली असे मानते. गोटेल आणि फिंकेलस्टाइन यांनी १९९४ मध्ये मागोव्याच्या अडचणींचे जे विश्लेषण केले, त्याचा आधार हे अभ्यासक घेतात. दुसरे मत तिला वेबचे अपत्य समजते : आरडीएफची (वेबवरील माहितीचे वर्णन करण्याच्या पद्धतीची) शिफारस १९९९ ची, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची जोडलेल्या विदेची (पत्त्यांनी एकमेकांशी जोडलेल्या माहितीची) तत्त्वे २००६ ची आणि त्या पायावर उभा राहिलेला ओएसएलसी हा अभियांत्रिकी साधने एकमेकांशी जोडण्याचा उपक्रम साधारण २००८ चा. तिसरे मत आयएसओ १०३०३ म्हणजे ‘स्टेप’ या मानकमालेकडे बोट दाखवते. पण तिचा भर माहितीच्या देवाणघेवाणीवर, म्हणजे बव्हंशी प्रतीवर आहे. सिसएमएल या प्रतिमाने लिहिण्याच्या भाषेच्या पहिल्या पिढीत (ओएमजी या मानकसंस्थेने प्रसिद्ध केलेली १.० आवृत्ती २००७ ची) आवश्यकता हा घटक क्रमांक व मजकूर या दोन गुणधर्मांसह आला. मूळ मजकूर आवश्यकतांच्या डेटाबेसात आणि त्याची प्रत प्रतिमानात, असा दुहेरी संसार तेव्हापासून रूढ झाला. पुढे पत्त्याने जोडण्याची निकड वाटू लागली ती बरीचशी या दुहेरी संसाराला कंटाळून, असे दिसते. म्हणून पहिल्या मताने ‘का’ चे आणि दुसऱ्याने ‘कसे’ चे उत्तर दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचना समजण्यासाठी सीमाभागातल्या वाचकाला जमिनीच्या उताऱ्यापलीकडे जावे लागत नाही. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे सातबारा (जमिनीचा उतारा) इथे अनोळखी नाही. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशी फेरफाराचा क्रमांक असतो; फेरफाराचा मजकूर मात्र वेगळ्या नोंदवहीत, गाव नमुना सहामध्ये. उतारा हे प्रतिमान, क्रमांक हा दुवा, नोंदवही हे भांडार. सिसएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर (ओएमजीची अंतिम मान्यता २०२५) आलेल्या एपीआय (एका संगणक-प्रणालीने दुसरीशी बोलण्याच्या) मानकात ‘बाह्य संबंध’ अशी स्वतंत्र नोंदच आहे. तिचे एक टोक प्रतिमानातील घटकाकडे, तर दुसरे बाह्य माहितीच्या पत्त्याकडे असते. शिवाय त्या संबंधाचे विनिर्देशन (नेमके वर्णन) आणि ते कोणत्या भाषेत लिहिले आहे, हेही तीत सांगता येते.

दुवा नावावर बांधायचा की ओळखक्रमांकावर, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, तरी रेल्वे स्थानकाचा संकेत बीजीएमच राहिला. नावावर बांधलेल्या याद्या दुरुस्त कराव्या लागतात, संकेतावर बांधलेल्यांना हात लावावा लागत नाही. (मराठी बोलण्यात बेळगावच चालते, हा दुरुस्तीचा आणखी एक पदर.) प्रतिमानातही भागाचे नाव बदलते, फोल्डर हलतो, सर्व्हर बदलतो. त्यामुळे ज्याला अर्थ नाही आणि जो कधी बदलत नाही, असा ओळखक्रमांक बरा समजला जातो.

खरी गुंतागुंत आवृत्त्यांची आहे. सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडले की जुन्या क्रमांकाचा उल्लेख नेमका कोणत्या तुकड्याला लागू, हे उताऱ्यावरून कळत नाही. रेखाचित्राची ‘बी’ रेव्हिजन जाऊन ‘सी’ आली की तसेच होते. दुवा सदैव ताज्या आवृत्तीकडे नेणारा ठेवला, तर गेल्या वर्षी मंजूर झालेले प्रतिमान आज वेगळीच माहिती दाखवते. तो एका आवृत्तीला खिळवला, तर शिळा होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ओएसएलसीच्या संरूपण-व्यवस्थापन (संरूपण म्हणजे कोणत्या घटकाची कोणती आवृत्ती घ्यायची याची निवड) विभागात यावर मधला मार्ग आहे : दुवा आवृत्तीविरहित पत्त्याकडे जातो, कोणती आवृत्ती दाखवायची हे वाचणाऱ्याने निवडलेले संरूपण ठरवते. या पद्धतीत दुवा एकाच बाजूला साठवतात. ‘माझ्याकडे कोण बोट दाखवते’ हे दुसऱ्या बाजूला विचारून शोधावे लागते. पूर्वी उलटा दुवाही साठवत असत आणि एक बाजू पुसली गेली की दोन्ही भांडारांत भांडण लागे. खिळवलेला दुवा आणि बदलाची सूचना देणारी यंत्रणा ही जोडी साधी, आणि बहुधा पुरेशी, वाटते.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत प्रणाली-प्रतिमाने क्वचितच पोहोचतात. पोहोचते ती ड्रॉइंग. दुव्याची सवय मात्र जुनीच आहे. फाउंड्रीत एका भट्टीच्या ओतपाला हीट नंबर पडतो, तो कास्टिंगवर उमटवतात आणि रासायनिक तपासणीचा अहवाल त्याच नंबराने काढता येतो. बेळगाव जिल्ह्यातील हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानाचे सुटे भाग बनतात. विमान-उद्योगात पहिल्या नगाची तपासणी एएस ९१०२ या मानकाप्रमाणे करण्याचा प्रघात आहे. त्यासाठी ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला गोलात क्रमांक देतात, शॉपमध्ये याला बलून मारणे म्हणतात, आणि प्रत्यक्ष मोजलेले माप त्या क्रमांकापुढे लिहितात. ड्रॉइंगची रेव्हिजन बदलून बलूनचे क्रमांक सरकले, तर जुना तक्ता वाचताना ड्रॉइंगची तीच जुनी प्रत शेजारी ठेवावी लागते.

‘प्रतिमान’ व ‘दुवा’ हे शब्द परिभाषेतले. कामावर ‘मॉडेल’ आणि ‘लिंक’ हेच ऐकू येतात, मराठीत आणि कानडीतही.