गिटारवरचे नॉब आधी आले, फूटस्विच बऱ्याच नंतर

आजकाल बरेच जण इलेक्ट्रिक गिटारवरचे सगळे नॉब दहावर ठेवतात आणि पुढचं सगळं पायाने करतात, क्लीनला (साफ आवाजाला) एक स्विच, क्रंचला (जरा फाटक्या आवाजाला) एक, सोलोला आणखी एक. त्यात चूक काही नाही, पण हे नॉब गिटारवर आले तेव्हा पायाखाली काहीच नव्हतं आणि अँपवरही फार काही नसायचं, हे लक्षात घेतलं तर त्यांची रचना अशी का आहे ते कळतं.

१९३६ चं गिब्सन ईएस-१५० घ्या. एक पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन (आवाजाची धार कमी-जास्त करणारा), बस. तेव्हाचा गिटारवाला बिग बँडमध्ये ब्रासच्या गर्दीत बसून कॉर्ड्स वाजवायचा आणि मध्येच सोलो आला की आवाज वर काढायचा, त्यासाठी दरवेळी उठून अँपपाशी कोण जाणार? चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनकडे आला तो याच गिटारमुळे सॅक्सोफोनच्या तोडीस तोड सोलो घ्यायला लागला. म्हणजे सुरुवातीला व्हॉल्यूम नॉबचं काम नुसतं आवाज कमी-जास्त करणं, डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवण्याचा, विचार कोणाच्या डोक्यातही नव्हता.

खरी गंमत लिओ फेंडरची. कॅलिफोर्नियात फुलर्टनला १९५० मध्ये त्याने ब्रॉडकास्टर काढलं (ग्रेचने नावावर हरकत घेतली म्हणून पुढच्या वर्षी ते टेलिकास्टर झालं) आणि त्यावरचा दुसरा नॉब टोनचा नव्हताच! तो ब्लेंडचा होता, स्विच मागे असला की ब्रिज पिकअपमध्ये (तारांच्या खालच्या टोकाजवळचा, तीक्ष्ण) नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा, सौम्य) किती मिसळायचा ते त्यावर ठरायचं. स्विच मध्ये आणला की नुसता नेक, आणि पुढे ढकलला की तोच नेक पण कपॅसिटर नावाच्या छोट्या भागाने ट्रेबल (आवाजातली धार) पार कापलेला, एकदम बोदा, बेसच्या जवळ जाणारा आवाज. १९५२ ला ब्लेंड काढून साधा टोन आला, पण तो बोदा आवाज १९६७ पर्यंत स्विचवर तसाच राहिला आणि ब्लेंड गेल्यापासून तोपर्यंत टेलिवर (टेलिकास्टरवर) दोन्ही पिकअप एकत्र वाजवायची सोयच नव्हती. मला तरी हे जरा आडमुठेपणाचं वाटतं. फेंडरच्याच १९५४ च्या स्ट्रॅटवर (स्ट्रॅटोकास्टरवर) तर दोन टोन नॉब देऊन ब्रिज पिकअपला एकही दिला नाही, म्हणजे जो सर्वात जास्त किंचाळतो तोच मोकाट. पण व्हॉल्यूम नॉब तारांच्या इतक्या जवळ ठेवला की वाजवता वाजवता करंगळीने फिरवता येतो, हे मात्र भारी.

मग आले जोरात वाजवायचे दिवस. फेंडरच्या बेसमन अँपवरून लंडनमध्ये जिम मार्शलच्या लोकांनी जेटीएम४५ बनवला, साल १९६२ च्या आसपास. अशा अँपना मास्टर व्हॉल्यूम (फाटका आवाज तसाच ठेवून एकूण आवाज कमी करणारा नॉब) नव्हता, ट्यूब (अँपमधले काचेचे व्हॉल्व्ह) तापून फाटका आवाज हवा असेल तर अँप मोठा करण्याशिवाय इलाज नाही आणि एकदा मोठा केला की क्लीन कुठून आणणार? गिटारवरून. व्हॉल्यूम कमी केला की अँपमध्ये सिग्नलच कमी जातो, ट्यूब क्लिप व्हायची (सिग्नलची टोकं कापायची) थांबते आणि आवाज फार न पडता साफ होतो, म्हणजे तो नॉब आता गेनचा, आवाज किती फाटावा ते ठरवणारा, नॉब झाला. गिब्सनच्या लेस पॉलवर १९५२ पासून दोन पिकअपना वेगवेगळे व्हॉल्यूम होते, त्यामुळे नेक पाचवर आणि ब्रिज दहावर ठेवला की पिकअप बदलायचा टॉगलच चॅनल स्विच! हेन्ड्रिक्स फझ फेस (आवाज फाटवणारं पेडल) चालू ठेवूनही गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेऊन चमकदार क्लीन काढायचा. क्लॅप्टनने क्रीम या बँडच्या काळात टोन पूर्ण बंद, व्हॉल्यूम आणि अँप फुल असा ‘वुमन टोन’ काढला. अमेरिकन गिटारवादक रॉय बुकॅनन टेलिचा टोन नॉब वाजवता वाजवता फिरवून वॉ-वॉ पेडलसारखा आवाज काढायचा आणि करंगळीने व्हॉल्यूम उचलून सूर पिकच्या आघाताशिवाय सुरू करायचा. इंग्लंडच्या जेफ बेकने १९७५ च्या अल्बमवर एक ट्यून त्याला अर्पण केली आणि पुढे हे करंगळीचं काम त्याने कुठच्या कुठे नेलं.

१९७५ लाच मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचे अँप काढले, अमेरिकेत मेसा/बूगी कंपनीवाले त्याच्या आधीपासून त्याच वाटेवर होते आणि दशक संपता संपता पायाने चॅनल बदलता येणारे अँप आले. नॉबची गरज संपली असं लोकांना वाटलं. व्हॅन हेलनच्या गिटारवर तर एकच नॉब होता, व्हॉल्यूमचा, आणि त्यावर लिहिलेलं होतं ‘टोन’.

आता एक तक्रार कायमची, की व्हॉल्यूम कमी केला की आवाज मेल्यासारखा होतो. कारण साधं आहे, पॉट (नॉबखालचा फिरणारा रेझिस्टर) खाली आला की मध्ये रेझिस्टन्स वाढतो आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता), मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, ट्रेबल खाऊन टाकतो. लांब केबल तितका त्रास जास्त. पन्नाशीच्या दशकात गिब्सनचा टोन कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडलेला असायचा, त्यात ट्रेबल बराच टिकतो, नंतर ते वायरिंग बदललं. लेस पॉलवाले आजही गिटार उघडून ते जुनं वायरिंग परत करून घेतात, फक्त त्यात व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांत लुडबुड करतात, एक फिरवला की दुसरा परत बघावा लागतो. स्ट्रॅट-टेलिवाले त्यापेक्षा व्हॉल्यूम पॉटवर एक छोटा कपॅसिटर आणि सोबत एखादा रेझिस्टर लावतात, त्याला ट्रेबल ब्लीड म्हणतात, पण नुसता कपॅसिटर लावला तर व्हॉल्यूम खाली गेल्यावर आवाज पातळ आणि टोचरा होतो, म्हणून रेझिस्टरची कंजुषी करू नका.