पिल्लं जगत का नव्हती?

अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनारपट्टीवर वसंताच्या पहाटे गवतातून एक घुमणारा आवाज येतो, रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा. तो असतो अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकनचा नर. नावात चिकन असलं तरी हा ग्राऊज या तित्तरासारख्या पक्ष्यांच्या कुळातला, माळरानाचा पक्षी. आखूड गवताच्या ठरलेल्या जागी नर जमतात, मानेवरची पिसं शिंगांसारखी ताठ करतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिवळ्या-नारिंगी पिशव्या फुगवतात आणि पाय आपटत नाचतात. माद्या बघतात आणि जोडीदार निवडतात.

टेक्सास आणि लुईझियानात मिळून एकेकाळी हे पक्षी दहा लाखांपर्यंत असावेत, असा अंदाज आहे. मग माळावर नांगर फिरला, शहरं पसरली. १९३७ साली सुमारे ८,७०० पक्षी उरले होते. १९६७मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, १९७२मध्ये ईगल लेक गावाजवळ अभयारण्य झालं. तरी १९९६मध्ये रानात जेमतेम ४२ पक्षी होते.

तोवर पिंजऱ्यात पैदास सुरू झाली होती. सोडलेल्या माद्या रानात घरटी करत, अंडी घालत, अंडी उबतही. पण पिल्लं काही दिवसांतच नाहीशी होत. मला या कहाणीत सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. आई होती, गवत होतं, मग उणीव कशाची?

किड्यांची. ही पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे जवळजवळ फक्त किडे खाऊन वाढतात. आणि त्या माळावर दक्षिण अमेरिकेतून आलेली तांबडी फायर अँट ठाण मांडून बसली होती. १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून शिरलेली ही मुंगी पसरत पसरत टेक्सासच्या मोठ्या भागात पोचली. ती गवतातले इतर किडे फस्त करते. संशोधकांनी काही भागांत मुंग्यांसाठी विषारी आमिष टाकून पाहिलं. तिथे किडे वाढले आणि दोन आठवडे तगणाऱ्या पिल्लांच्या थव्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

माळ वाचवायचा म्हणजे गवताच्या बुडाशी काय वळवळतंय तेही मोजायचं, हे इथे फार उशिरा उमगलं.

२०१७च्या हार्वे वादळात अभयारण्य पाण्याखाली गेलं, मोजके पक्षी वाचले. २०२१पर्यंत संख्या पुन्हा शंभरावर गेली. अजूनही पैदास केंद्रांतून पक्षी आणून सोडावे लागतात, आणि आमिषही पुन्हा पुन्हा टाकावं लागतं, कारण मुंग्या परत येतात.