एडी हेझलची गिटार आणि रॉकमधली बुजवलेली वाट

फंकाडेलिक या बँडचा ‘मॅगॉट ब्रेन’ हा तिसरा अल्बम 1971 साली डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड रेकॉर्ड्सने काढला. त्याच नावाचा पहिला ट्रॅक दहा मिनिटांचा आहे आणि त्यात गायन नाहीच. सुरुवातीला बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन चार वाक्यं बोलतो, मग मागे एक गिटार संथपणे तेच ते सूर छेडत राहते आणि त्यावर एडी हेझलचा सोलो सुरू होतो. हेझल तेव्हा जेमतेम विशीत होता. ‘आई गेल्याची बातमी आत्ताच कळलीय असं समजून वाजव,’ असं आपण त्याला सांगितल्याचं क्लिंटनने पुढे अनेकदा सांगितलं. मिक्सिंगला बसल्यावर त्याने बाकीची वाद्यं जवळजवळ पुसून टाकली आणि हेझलच्या सुरांवर एको चढवला. त्यामुळे एखादा सूर संपत आला की त्याचीच सावली मागून येते आणि पुढचा सूर तिच्या अंगावरून जातो.

या सोलोची स्तुती करताना ‘जिमी हेंड्रिक्सचा वारसदार’ हे शब्द हमखास येतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. हेंड्रिक्स आणि हेझल यांच्याकडे दोन चमत्कार म्हणून पाहिलं की त्यांच्या मागची आणि पुढची सगळी माणसं दिसेनाशी होतात. कृष्णवर्णीय गिटारवादक रॉकमध्ये सुरुवातीपासून होते. त्यांना रॉकच्या खणात ठेवलं गेलं नाही, एवढंच.

तो खण बाजाराने केला. अमेरिकी रेकॉर्ड कंपन्या 1920च्या दशकापासून कृष्णवर्णीयांसाठीच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या विकत. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने 1949 मध्ये अशा तबकड्यांच्या खपाच्या यादीचं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. नाव सभ्य झालं, यादी वेगळीच राहिली. रेडिओ केंद्रंही त्याच रेषेने विभागलेली होती. सिस्टर रोझेटा थार्प चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची, आणि ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे तिचं गाणं 1945 मध्ये ‘रेस’ यादीत वर चढलं. त्यानंतर दहा वर्षांनी चक बेरी आणि बो डिडली आले. रॉक अँड रोलची गिटार म्हणून जी भाषा जगाला कळली, ती या मंडळींची. थार्पला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती मात्र 2018 साली, तिच्या मृत्यूनंतर 45 वर्षांनी.

हेंड्रिक्सही याच वाटेवरचा. गायक लिटल रिचर्ड आणि आयझ्ली ब्रदर्स हे गायकबंधू यांच्या मागे उभं राहून त्याने साथ केली. आयझ्लींच्या न्यू जर्सीतल्या घरी तो राहायचा. त्यांचा धाकटा भाऊ अर्नी तेव्हा शाळकरी वयाचा होता, आणि हा पाहुणा घरात तासन्‌तास वाजवत बसलेला त्याने पाहिला. 1973 च्या ‘दॅट लेडी’मध्ये अर्नीने वाजवलेला लांबलचक, फझने, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारख्या केलेल्या आवाजाने, भरलेला सोलो ऐकला की ती शिकवणी वाया गेली नाही हे कळतं. हेंड्रिक्सला मात्र नाव मिळालं ते 1966 मध्ये लंडनला गेल्यावर, दोन गोऱ्या साथीदारांसह. अमेरिकेत त्याचा श्रोता मुख्यतः गोरा राहिला. सप्टेंबर 1969 मध्ये, वुडस्टॉक महोत्सवानंतर तीन आठवड्यांच्या आत, त्याने न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत, हार्लेमच्या रस्त्यावर फुकट कार्यक्रम केला, तेव्हा काहींनी अंडी फेकली. वर्ष संपता संपता बिली कॉक्स आणि बडी माइल्स यांना घेऊन, म्हणजे पूर्ण कृष्णवर्णीय तिकडीनिशी, तो न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात उभा राहिला. तिथल्या ‘मशीन गन’मध्ये फंकचा (म्हणजे ठेक्यावर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय नृत्यसंगीताचा) ठेका आणि युद्धाचा गदारोळ एकाच वेळी ऐकू येतो. नऊ महिन्यांनी तो गेला.

फंकाडेलिकचा जन्म सलूनमधला. न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डमध्ये क्लिंटन केस सरळ करून द्यायचं काम करायचा आणि तिथेच ‘पार्लमेंट्स’ या गायकमंडळीची तालीम चालायची. दुकानात काम करणारा पोरगा बिली नेल्सन गिटार, मग बास वाजवू लागला आणि त्याने आपल्या मित्राला, हेझलला, ओढून आणलं. हेझल ब्रुकलिनचा. पोरगं वाईट नादाला लागू नये म्हणून आई त्याला प्लेनफिल्डला घेऊन आली होती. जुलै 1967 मध्ये तिथेही दंगल पेटली आणि नॅशनल गार्डचे सैनिक आले. त्याच वर्षी पार्लमेंट्सचं एक गाणं गाजलं, पण पुढे रेकॉर्ड कंपनीशी वाद होऊन नावच अडकलं. क्लिंटनने शक्कल लढवली: साथीच्या पोरांचा बँड म्हणून करार करायचा आणि गायकांना पाहुणे म्हणायचं. नाव नेल्सनने सुचवलं. थोडक्यात, ज्या बँडमध्ये गिटार गायकाच्या पुढे येऊन उभी राहिली, तो एका कज्ज्यातून वाट काढताना तयार झाला.

आवाज कसा बदलला, याचा क्लिंटनने सांगितलेला एक किस्सा आहे. एका कार्यक्रमाला यांचं सामान पोहोचलंच नाही, म्हणून व्हॅनिला फज या गोऱ्या रॉक बँडचे भलेमोठे अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं, उसने घेतले. वाजवून पाहिल्यावर परत लहान अँपकडे जाववेना. फंकमध्ये गिटारचं काम तोवर ठेक्याचं होतं. गायक जेम्स ब्राउनचा गिटारवादक जिमी नोलन तारा डाव्या हाताने अर्धवट दाबून उजव्या हाताने झपाझप खरवडायचा. सुरापेक्षा त्यातला ‘चिक-चिक’ महत्त्वाचा. त्याच खरवडण्यावर पायाने दाबायचं वा-वा पेडल बसलं की सूर तोंड उघडमीट करून बोलू लागतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने 1968 मध्ये टेम्प्टेशन्स या गायकमंडळीच्या ‘क्लाउड नाइन’साठी ते पेडल वापरलं (वाजवणारा डेनिस कॉफी गोरा होता, तेव्हा उसनवारी एकाच दिशेची नव्हती). 1970च्या दशकातल्या हिंदी सिनेमाच्या पाठलागात जी ‘वाका-वाका’ गिटार ऐकू येते, तीही याच घराण्यातली. हेझलने ठेका आणि रडगाणं दोन्ही एकाच गिटारवर आणलं. त्याच्या सोलोत घाई नाही. एक सूर ताणून धरायचा, तो फाटेपर्यंत थांबायचं आणि मग खाली उतरायचं, ही चाल हेंड्रिक्सइतकीच चर्चमधल्या गाण्याची आहे.

पैशांचं मात्र कधी जमलं नाही. मानधनावरून नेल्सन निघून गेला, हेझलही ये-जा करत राहिला. 1974 च्या ‘स्टँडिंग ऑन द व्हर्ज ऑफ गेटिंग इट ऑन’मध्ये त्याने लिहिलेली गाणी ग्रेस कुक या नावावर आहेत. ग्रेस कुक त्याची आई. कराराच्या कटकटी टाळण्यासाठी नाव तिचं लावलं. त्याच वर्षी विमानात झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात तो तुरुंगात गेला. स्वतःच्या नावाचा अल्बम त्याच्या हयातीत एकच आला, 1977 साली, आणि तो फारसा खपला नाही. 1992 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तो वारला.

बँडमधली त्याची जागा सत्तरच्या दशकातच घेतली होती क्लीव्हलंडच्या मायकेल हॅम्प्टनने. सतरा वर्षांच्या या पोराने बँडच्या लोकांसमोर ‘मॅगॉट ब्रेन’चा सोलो सुराला सूर लावून वाजवून दाखवला आणि त्याची भरती झाली. घराण्याची तालीमच म्हणा, फक्त गुरू समोर नव्हता, तबकडी होती. 1978 मध्ये फंकाडेलिकच्या एका गाण्याचं नावच होतं ‘हू सेज अ फंक बँड कान्ट प्ले रॉक’. रॉक वाजवायला फंक बँडला कोण अडवतं, हा प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या उत्तराशी उघड भांडण केलं ते गिटारवादक व्हर्नन रीड, समीक्षक ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांनी. 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ब्लॅक रॉक कोअलिशन ही संघटना उभारली. रीडच्या लिव्हिंग कलर बँडच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणासाठी मिक जॅगरने मदत केली. एका गोऱ्या रॉकताऱ्याची चिठ्ठी अजूनही कामी येत होती, हे त्या काळाबद्दल पुरेसं बोलतं. ‘व्हिव्हिड’ 1988 मध्ये आला आणि ‘कल्ट ऑफ पर्सनॅलिटी’ला 1990 मध्ये हार्ड रॉकचं ग्रॅमी मिळालं. दुसरीकडे, रेड हॉट चिली पेपर्स या गोऱ्या बँडने 1985 चा आपला अल्बम क्लिंटनकडूनच करून घेतला होता. पुढच्या दशकात फंक-रॉक म्हणून स्टेडियमं भरली ती मुख्यतः त्यांनी.

क्लिंटनच्या साऱ्या मंडळीला, म्हणजे पार्लमेंट-फंकाडेलिकला, 1997 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा स्वागताचं भाषण प्रिन्सने केलं. यादीत हेझलचं नाव होतं, माणूस नव्हता. खुद्द प्रिन्सच्या गिटारची वाहवा अनेकांनी मनापासून केली ती 2004 मध्ये त्याच समारंभात त्याने जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यावर सोलो वाजवला तेव्हा; ‘पर्पल रेन’ येऊन तोवर वीस वर्षं झाली होती. 2020 मध्ये कृष्णवर्णीय गिटारवादक गॅरी क्लार्क ज्युनियरच्या ‘धिस लँड’ या गाण्याला रॉकची दोन ग्रॅमी मिळाली. त्याच नावाच्या अल्बमला त्याच रात्री ब्लूजचंही एक देण्यात आलं.