बंदरात जमा झालेला पैसा कोणाचा? शेजाऱ्यांच्या व्यापारकरारांची पार्श्वभूमी

१८६६ च्या उन्हाळ्यात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेंबर्ग आणि हॅनोव्हर ही जर्मन राज्ये ऑस्ट्रियाच्या बाजूने लढली. गंमत अशी की ही चारही राज्ये प्रशियाबरोबर एकाच सीमाशुल्क संघात होती. रणांगणावर सैन्ये एकमेकांवर गोळ्या झाडत असताना संघाच्या नाक्यांवर आयातशुल्काची वसुली चालूच होती आणि पैसा सामाईक हिशेबात जमा होत होता. त्या हिशेबाला हात लावणे कोणालाच परवडणारे नव्हते.

शेजारी देशांमधल्या मुक्त व्यापाराचा विषय निघाला की बोलणे बहुधा कारखाने, निर्यात आणि स्पर्धा यांच्याभोवती फिरते. मात्र या करारांचा इतिहास चाळला तर त्याहून जुना आणि बराच रोखठोक प्रश्न जागोजागी भेटतो. मधले नाके उठवले की माल एका देशाच्या बंदरात उतरतो, त्यावरचे शुल्क तिथेच भरले जाते आणि तो खपतो भलत्याच देशात. मग ते शुल्क कोणाच्या तिजोरीत जायचे? माझ्या मते करार टिकले की मोडले, हे मुक्त व्यापारावरच्या निष्ठेपेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त ठरले.

नेपोलियनच्या पाडावानंतर जर्मन प्रदेश सुमारे ३९ राज्यांत विभागलेला होता. बर्लिनहून स्वित्झर्लंडला माल पाठवायचा तर वाटेत दहा राज्ये आणि दहा ठिकाणची जकात, अशी तक्रार फ्रेडरिक लिस्ट या अर्थशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये व्यापाऱ्यांच्या वतीने केलेल्या अर्जात मांडली होती. एकीकरणाचे श्रेय पुष्कळदा त्यालाच दिले जाते. प्रत्यक्षात काम केले ते प्रशियाच्या अर्थखात्याने. प्रशियाचा मुलूखच दोन तुकड्यांत होता आणि मध्ये परकी राज्ये. १८१८ च्या कायद्याने प्रशियाने आपल्या हद्दीतल्या अंतर्गत जकाती उठवून फक्त बाहेरच्या सीमेवर एकच शुल्क ठेवले. मग १८२८ मध्ये अर्थमंत्री फ्रेडरिक फॉन मोट्स यांनी हेस-डार्मश्टाटला बरोबर घेतले. अट साधी होती : जमा झालेले शुल्क लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचे.

या हिशेबात प्रशियाला तोटा होता, कारण वसुलीत त्याचा वाटा मोठा आणि वाटणीत त्या मानाने लहान. तरीही तो सोसला. छोट्या राज्यांचे गणित वेगळे होते. क्षेत्रफळ थोडे आणि सीमा लांब, त्यामुळे नाक्यांवरच्या पहारेकऱ्यांचा खर्चच वसुलीचा मोठा हिस्सा गिळत असे. तो खर्च वाचला, वर हक्काचे उत्पन्न आले, आणि त्यासाठी आपल्या विधिमंडळापुढे हात पसरावा लागला नाही. राजेलोकांना आणखी काय हवे! १ जानेवारी १८३४ रोजी ‘त्सोलफेराइन’ हा संघ सुरू झाला तेव्हा त्यात १८ राज्ये आणि सुमारे २ कोटी ३० लाख लोक होते. परिषदेत प्रत्येक राज्याला एक मत आणि कोणताही निर्णय एकमतानेच. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही व्यापारी बंदरे मात्र १८८८ पर्यंत बाहेरच राहिली, कारण मुक्त बंदर म्हणून त्यांची कमाई चांगली चालली होती.

विसाव्या शतकात या सगळ्याला कायद्याची चौकट मिळाली. १९४७ मध्ये २३ देशांनी केलेल्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराचे मूळ तत्त्व भेदभाव नको हे होते. एकाला दिलेली सवलत सर्वांना द्यायची. पण त्याच कराराच्या २४ व्या कलमाने शेजाऱ्यांसाठी दार किलकिले ठेवले. ‘बहुतांश सर्व व्यापार’ खुला करत असाल तर आपापसात वेगळी सवलत चालेल. त्याचे दोन प्रकार. सीमाशुल्क संघात बाहेरच्या मालावर सर्वांचे शुल्क एकसारखे. मुक्त व्यापार क्षेत्रात आपसात शुल्क नाही, पण बाहेरच्यांसाठी ज्याचा त्याचा दर वेगळा.

दुसऱ्या प्रकारात वाटणीचा तंटा येत नाही, म्हणून तो सरकारांना आवडतो. तंटा मिटत नाही, कागदावर येतो एवढेच. बाहेरचा माल सर्वांत कमी शुल्काच्या देशातून आत घुसू नये म्हणून तो नक्की कुठे बनला हे सिद्ध करावे लागते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या १९९४ च्या नाफ्टा करारात मोटारीचा ६२.५ टक्के भाग उत्तर अमेरिकेतला असणे बंधनकारक होते. २०२० मध्ये त्याची जागा घेणाऱ्या करारात तो आकडा ७५ झाला. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठे बनला याचा दाखला, मिळवण्याचा खटाटोप सवलतीपेक्षा महाग पडला तर लहान निर्यातदार सरळ पूर्ण शुल्क भरून मोकळा होतो.

जेकब वायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये आणखी एक अडचण दाखवून दिली. समजा, एखादा देश लांबच्या देशाकडून स्वस्त माल शुल्क लावून घेत होता. कराराने शेजाऱ्याचा माल शुल्कमुक्त झाला, म्हणून तो आता शेजाऱ्याकडचा महाग माल घेऊ लागला. ग्राहकाला थोडा फायदा झाला असेल, पण सरकारचे शुल्क बुडाले आणि त्यातला बराचसा पैसा शेजारच्या कारखानदाराच्या खिशात गेला.

पूर्व आफ्रिकेत नेमके हेच झाले. केनिया आणि युगांडा यांचे सीमाशुल्क १९१७ मध्येच ब्रिटिशांनी एकत्र केले होते, पुढे टांगानिकाही (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) त्यात आला. कारखाने मात्र नैरोबीच्या आसपास वाढले. शेजारचे दोन देश संरक्षक शुल्काच्या आडोशाला बनलेला केनियाचा माल विकत घेत आणि आपले शुल्काचे उत्पन्न घालवून बसत. १९६१ मध्ये रेसमन आयोगाने कंपन्यांवरच्या प्राप्तिकराचा आणि सीमाशुल्काचा काही भाग सामाईक निधीत टाकून वाटायची सोय केली. स्वातंत्र्यानंतर १९६७ मध्ये तिन्ही देशांनी पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापला, तेव्हा दोन नव्या तरतुदी आल्या. व्यापारात तूट असलेल्या देशाला शेजाऱ्याच्या कारखानी मालावर मर्यादित ‘ट्रान्सफर टॅक्स’ लावता येणार होता. शिवाय विकास बँकेची गुंतवणूक टांझानिया आणि युगांडाला प्रत्येकी ३८.७५ टक्के, तर केनियाला २२.५ टक्के अशी ठरली.

कागदावर योजना सुरेख होती. पण कारखान्यांचे एका जागी गोळा होणे एवढ्या उपायांनी थांबणारे नव्हते, आणि १९७१ मध्ये युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावल्यावर टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे त्याच्याबरोबर एका टेबलावर बसायला तयार नव्हते. सामाईक रेल्वे आणि विमान कंपनीच्या पैशांवरून भांडणे विकोपाला गेली. १९७७ मध्ये समुदाय मोडला आणि केनिया-टांझानिया सीमा बंद झाली ती १९८३ पर्यंत. मालमत्तेच्या वाटणीला १९८४ उजाडले. नवा करार झाला थेट १९९९ मध्ये. या वेळी शुल्काबाबत २०१४ पासून सुटसुटीत पद्धत आली : मोम्बासा किंवा दार-एस-सलाम बंदरात माल उतरताच तो ज्या देशात जायचा आहे त्या देशाच्या तिजोरीत शुल्क भरायचे.

युरोपने हा प्रश्नच मुळातून काढून टाकला. १९५७ च्या रोम करारानंतर १९६८ मध्ये सहा देशांचा सीमाशुल्क संघ पुरा झाला आणि १९७० मध्ये ठरले की बाहेरच्या सीमेवरचे शुल्क कोणत्याच देशाचे नाही, ते सामाईक अर्थसंकल्पाचे. वसुलीच्या खर्चापोटी सदस्य देशाने १० टक्के ठेवायचे (आज २५ टक्के). मागास भागांसाठी वेगळा निधी १९७५ मध्ये आला.

दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर या व्यापारगटाला १९९१ पासून वाटणीचे सूत्र जमेना. त्यामुळे एका देशात शुल्क भरलेला बाहेरचा माल सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेला की पुन्हा शुल्क. समुद्रकिनारा नसलेल्या पॅराग्वेला आपले उत्पन्न बुडण्याची धास्ती होती. त्याची समजूत काढण्याचा एक मार्ग म्हणजे फोसेम हा निधी. त्याच्या सुरुवातीच्या सूत्रात ब्राझीलने ७० टक्के भरायचे होते, पॅराग्वेने १ टक्का, आणि परत मिळणार होते पॅराग्वेला ४८ टक्के.

उलट टोकही आहे. दक्षिण आफ्रिकेचा सीमाशुल्क संघ १९१० पासून चालू आहे, जगातला सर्वांत जुना. सुरुवातीला ९८.७ टक्के रक्कम दक्षिण आफ्रिकेला आणि उरलेल्या चिमूटभर पैशात आजचे लेसोथो, बोट्सवाना आणि इस्वातिनी. १९६९ मध्ये सूत्र बदलून छोट्यांना भरघोस वाटा मिळाला आणि पुढे त्यांचे अर्थसंकल्प त्यावरच उभे राहिले. २००८ नंतरच्या मंदीत दक्षिण आफ्रिकेची आयात घटताच स्वाझिलँडच्या, म्हणजे आजच्या इस्वातिनीच्या, सरकारी खर्चाची वाट लागली.

दक्षिण आशियातल्या साफ्टा या मुक्त व्यापार करारातही (२००४ मध्ये सही, २००६ पासून अंमल) अल्पविकसित सदस्यांच्या बुडालेल्या शुल्काची भरपाई करण्याची तरतूद होती, पण मोजक्या वर्षांपुरती आणि तीही कमाल मर्यादा घालून. शिवाय ज्या वस्तूंवर शुल्क कमी करायचे नाही अशा ‘संवेदनशील’ वस्तूंच्या लांबलचक याद्या. या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्क्यांवरच घुटमळला आहे.

आफ्रिका खंडाचा मुक्त व्यापार करार २०१८ मध्ये किगाली इथे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखालच्या व्यापाराला मुभा मिळाली. त्यात सामाईक तिजोरी नाही. उत्पन्न गमावणाऱ्या देशांसाठी वेगळा समायोजन निधी मात्र उभारला आहे. शुल्ककपातीचे प्रस्ताव देताना दक्षिण आफ्रिकेच्या संघाने आणि पूर्व आफ्रिकी समुदायाने ते आपापल्या गटाच्या वतीने एकत्रच दिले, कारण बाहेरचे शुल्क सामाईक असले की एकट्या सदस्याला त्यात परस्पर कपात करता येत नाही.